मिनी ट्रॅक्टरने गेटपासून घरापर्यंतचा गाळ-चिखल काढणे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न (नागपूर परिसर)

जूनच्या मध्यात पाऊस लागला की काटोल, नरखेड, कळमेश्वर, सावनेर या पट्ट्यातून एकच विचारणा सुरू होते. मिनी ट्रॅक्टर दारातच उभा आहे, मग त्याने गेटपासून घरापर्यंतची वाट आणि वावरात जाणारी पांदण मोकळी ठेवता येईल का? २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे काही तासांत शंभर मिलिमीटरच्या वर पाऊस पडून अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांमध्ये गाळ शिरला. तेव्हापासून शहरातले लोकही हेच विचारतात. बागेत आणि आवारात मिनी ट्रॅक्टर चालवणाऱ्यांसाठी त्याची उत्तरं इथे एकत्र देतो आहे.

मिनी ट्रॅक्टरने हे काम होतं का, की सरळ जेसीबीच बोलवावा?

आधी गाळ किती आहे ते मोजा. १० फूट रुंद आणि १०० फूट लांब वाटेवर ४ इंच गाळ साचला असेल तर तो होतो साधारण ३३३ घनफूट, म्हणजे सव्वातीन ब्रास. ओल्या मातीचं वजन धरलं तर १५-१६ टन. दीड टनाची छोटी ट्रॉली असेल तर दहा-अकरा खेपा. दिसायला "थोडासा चिखल" असतो, पण हिशेब केला की त्याचा आवाका कळतो.

एवढं काम २०-२५ एचपीचा मिनी ट्रॅक्टर एका दिवसात करतो, फक्त त्याला थर पातळ द्यावा लागतो. गाळ फूटभर असेल, त्यात दगड-फांद्या असतील किंवा भिंत पडली असेल, तर जेसीबीच हवा. पण जेसीबीचं वजन सात टनांच्या वर असतं. ओल्या काळ्या मातीवर तो एकदा फिरला की जाताना दोन खोल चाकोऱ्या सोडून जातो आणि पुढचा सगळा पाऊस त्या चाकोऱ्यांत पाणी साचतं. आवारातले गट्टू (पेव्हर ब्लॉक), चेंबरची झाकणं, पाण्याची पाइपलाइन यांचंही नुकसान होतं. म्हणून चार-सहा इंचांपर्यंतच्या गाळाला मी मिनी ट्रॅक्टरच सुचवतो.

पाऊस उघडला की लगेच काढायचा, की वाळू द्यायचा?

बहुतेकांचं काम इथेच बिघडतं. गाळाच्या खाली काय आहे, त्यावर उत्तर ठरतं.

खाली सिमेंट, फरशी किंवा गट्टू असेल तर थांबू नका. गाळ रबडीसारखा पातळ आहे तोवरच पात्याने ओढून घ्या आणि मागून पाण्याचा मारा करा. आपल्या काळ्या मातीत माँटमोरिलोनाइट नावाचं खनिज भरपूर असतं. ते पाणी प्यायलं की फुगतं आणि वाळलं की आवळून दगडासारखं होतं. उन्हाळ्यात वावराला पडणाऱ्या भेगा त्याच्यामुळेच. हाच गाळ गट्टूंवर दोन दिवस कडक उन्हात राहिला तर पाते त्यावरून नुसतं घसरतं, आणि मग सब्बल-फावड्याने खरवडत बसावं लागतं.

खाली मातीचीच वाट असेल तर नेमकं उलटं करायचं. ओल्यात ट्रॅक्टर घातला की चाकं वरचा गाळ आणि खालची चांगली माती कालवून एक करतात. काढायला गेलो चार इंच आणि बिघडवून आलो दहा इंच, असं होतं. आधी पाणी काढा. कुदळीने वाटेच्या उताराच्या बाजूला जागोजागी चर मारा, तुंबलेलं पाणी वाहू द्या आणि वाफसा यायची वाट पाहा. वाफसा ओळखायला मूठभर माती घ्या आणि दोन तळव्यांमध्ये वळा. तिची बारीक, चकचकीत वात वळली आणि हाताला चिकटली, तर आज ट्रॅक्टर काढू नका. वळताना वात तुटायला लागली आणि तळहात जवळजवळ स्वच्छ राहिला, तर काम सुरू करा. ऊन-वारा असेल तर एक-दोन दिवसांत एवढं होतं. झड लागली असेल तर आठवडाही जातो, आणि तेवढा धीर धरलेला परवडतो.

भाऊ, बाहेरच्या देशात अशाच छोट्या ट्रॅक्टरने दारातला बर्फ सपासप काढतात. आपल्याकडे चिखलावर तसंच करता येईल का?

व्हिडिओ सगळ्यांनीच पाहिलेत. आपल्याकडच्या अनेक घरांतली मुलं कॅनडा-अमेरिकेत आहेत, तीही पाठवतात. पण नुकत्या पडलेल्या भुसभुशीत बर्फाचं वजन घनमीटरला शंभर किलोच्या आसपास किंवा त्याहूनही कमी असतं, आणि ओल्या गाळाचं दीड टनाच्या वर. तिथे पाते भरून वेगाने ढकलता येतं. तोच वेग चिखलात धरला तर चाकं जागेवर फिरतात आणि ट्रॅक्टर रुतत जातो.

तरी त्या लोकांच्या तीन सवयी आपण जरूर उचलाव्यात.

पहिली, ते सगळा बर्फ पडून संपायची वाट पाहत नाहीत. काही इंच साचला की काढतात, परत साचला की परत काढतात. सिमेंट-गट्टूंवर आपणही हेच करावं. दुसरी, हिवाळ्याआधी ते वाटेच्या दोन्ही काठांना खुणेच्या काठ्या रोवतात, कारण बर्फाखाली काठ दिसत नाही. आपल्याकडे मेच्या शेवटी नालीच्या काठाला आणि चेंबरच्या कोपऱ्यांना बांबूचे खुंट रोवून त्यांना लाल-पांढरा रंग द्या. पाणी भरल्यावर नाली कुठे संपते आणि वाट कुठे सुरू होते ते कळत नाही, आणि मिनी ट्रॅक्टर नालीत कलंडायला एवढं पुरतं. तिसरी, पहिल्या फेरीचा ढीग ते वाटेपासून लांब नेऊन टाकतात, म्हणजे पुढच्या फेऱ्यांना जागा उरते. आपण नेमका काठाला ढीग लावतो, आणि पुढच्या पावसात तोच गाळ परत वाटेवर येतो.

कोणतं अवजार लागतं?

नव्वद टक्के काम मागच्या पात्याने होतं, ज्याला आपल्याकडे कुणी टेरेस ब्लेड, कुणी लेव्हलर म्हणतं. मिनी ट्रॅक्टरला ४ ते ५ फुटांचं पाते पुरे. चाकांच्या बाहेरच्या कडेपेक्षा ते दोन्हीकडून थोडं रुंद असलं म्हणजे झालं, नाहीतर काढलेल्या जागेवर आपलीच चाकं चिखल पसरवत जातात. पाते आडवं फिरवून तिरकं करता येतं ना, ते घेताना तपासा. न फिरणारं पाते स्वस्त पडतं, पण त्याच्यासमोर गाळ साचत जातो आणि ट्रॅक्टरला तो ओढवत नाही.

फ्रंट लोडर असेल तर ट्रॉली भरायला फार उपयोगी. मात्र लोडर लावला की मागे वजन हवंच: पाते, वजनाची पेटी, काहीतरी. नाहीतर भरलेली बादली उचलताच मागची चाकं हलकी होतात आणि सगळा भार पुढच्या धुरीवर (अॅक्सलवर) येतो. बादली नेहमी जमिनीलगत ठेवून न्या. वर उचलून वळण घेऊ नका.

रोटाव्हेटर, पंजी, वखर यातलं काहीही चिखल काढायला वापरू नका. ही अवजारं माती मोकळी करतात, आणि वाटेला हवी घट्ट माती.

पाते कसं लावायचं? माझं पाते एकतर खोल घुसतं, नाहीतर वरूनच जातं.

पाते साधारण ३० अंश तिरकं करा, म्हणजे गाळ एका बाजूने सोडत जाईल आणि काठाला त्याची ओळ पडेल. ज्या बाजूला पाणी उतरतं त्या बाजूला ओळ पाडू नका, तिथे तो बांध होऊन बसतो. सपाट वाट असेल तर दोन्हीकडच्या ओळीत दर पंधरा-वीस फुटांवर फावड्याने तोंड ठेवा.

आता टॉप लिंक, म्हणजे ट्रॅक्टर आणि पाते जोडणारा वरचा, लांबी कमी-जास्त करता येणारा दांडा. ती आखूड केली की पात्याचा वरचा काठ पुढे झुकतो आणि धार कमी खाते. लांब केली की धार पुढे येते आणि जास्त खाते. मुरमाच्या वाटेवर ती आखूडच ठेवा. एका वेळी अर्धा टर्न फिरवा, दहा फूट चालवून पाहा, मग पुढचा अर्धा. उजव्या लिफ्ट रॉडच्या (खालची लिंक उचलणाऱ्या दांड्याच्या) हँडलने पाते एका बाजूला किंचित कलतं करता येतं, वाटेला आडवा ढाळ द्यायला तेच लागतं. हायड्रॉलिक पोझिशन कंट्रोलवर ठेवा, म्हणजे पाते ठरवलेल्या उंचीवरच राहतं. ड्राफ्टवर ठेवलं तर ओढ वाढली की पाते आपोआप वर-खाली होतं आणि वाटेवर लाटा पडतात.

मुरमाच्या वाटेवर पाते तळाला टेकवू नका. अर्धा इंच गाळ राहिला तर राहू द्या. तो खरवडायला गेलात तर पैसे देऊन टाकलेला मुरूमही चिखलाबरोबर धुऱ्यावर (बांधावर) जाऊन पडेल. लो गियर, बेताचा अॅक्सिलरेटर, चालत्या माणसाचा वेग. त्याहून जोरात काही मिळत नाही.

पाते उलटं फिरवून रिव्हर्समध्येही ढकलता येतं आणि भिंतीजवळचा गाळ काढायला ते सोयीचं पडतं. पण लिंका ओढण्यासाठी बनवलेल्या असतात. रिव्हर्समध्ये दगडाला पाते अडकलं तर लिंक वाकते. हलक्या गाळापुरतंच करा.

किती एचपी? फोर व्हील ड्राइव्ह लागतोच का?

आपल्या भागात १५ ते २८ एचपीचे मिनी ट्रॅक्टर संत्र्याच्या ओळींसाठी घेतले जातात. पात्याच्या कामाला १५ एचपीही चालतो, फेऱ्या वाढतात इतकंच. मला विचाराल तर एचपीपेक्षा फोर व्हील ड्राइव्हला जास्त पैसे द्या. ओढण्याचं काम चाकांच्या पकडीवर चालतं, इंजिन किती मोठं आहे यावर कमी.

काळ्या मातीत टायरच्या खाचा काही मिनिटांत भरतात आणि टायर गुळगुळीत होतो. मग फोर व्हीलसुद्धा नुसता फिरतो. तेव्हा उतरा, खुरपीने खाचा मोकळ्या करा आणि मग पुढे जा. चाकांत पाणी भरून वजन वाढवण्याची पद्धत सिमेंटवर किंवा मुरमावर छान चालते. मऊ मातीवर तेच वजन चाकांना आणखी खाली नेतं, तिथे ते पाणी काढलेलं बरं.

ट्रॅक्टर फसला तर काय करायचं?

सगळ्यात आधी अॅक्सिलरेटर सोडा. चाक एका जागी फिरलं की दर फेऱ्याला खड्डा खोल होतो. पाते उचला, डिफरन्शियल लॉक (मागची दोन्ही चाकं एकत्र फिरवणारा) लावा आणि रिव्हर्समध्ये हळूच मागे या. ज्या वाटेने आत आलो ती थोडी तरी दबलेली असते. नाही निघाला तर इंजिन बंद करा, चाकांमागची माती फावड्याने उताराला कापा, खाली गिट्टी किंवा पराट्या (कपाशीची वाळलेली झाडं) टाका आणि परत बघा.

पुढच्या गोष्टी मात्र कृपा करून कुणीही करू नका. मागच्या चाकांना लाकडाचा ओंडका बांधून पुढे काढायचा प्रयत्न करू नका. ओंडका जमिनीत अडकला, चाक फिरेना झालं, की इंजिन ट्रॅक्टरचं तोंडच वर उचलतं आणि ट्रॅक्टर चालवणाऱ्याच्या अंगावर मागे उलटतो. त्याला दीड सेकंदही लागत नाही, उडी मारायला वेळ मिळत नाही. दुसऱ्या ट्रॅक्टरने ओढायचं असेल तर ओढणाऱ्याची साखळी खालच्या ड्रॉबारलाच (ओढायच्या पट्टीलाच) लावा. टॉप लिंकच्या जागी किंवा धुरीच्या वर लावली तर तोही असाच उलटतो. साखळी ताणलेली असताना जवळ कुणी उभं राहू नये, आणि मडगार्डवर पोरांना तर कधीच बसवू नये. ट्रॅक्टरला रोलबार (उलटल्यास चालवणाऱ्याला वाचवणारी लोखंडी कमान) असेल तर तो उभा ठेवा आणि सीटबेल्ट लावा. रोलबार नसेल तर नाली, विहीर, शेततळं, रपटा यांच्या काठचं काम ट्रॅक्टरने करू नका. तेवढं फावड्याने करा.

गट्टू किंवा सिमेंटवर पात्याने ओरखडे पडतात. उपाय?

जुन्या कन्व्हेयर बेल्टची पट्टी मिळते. ती पात्याच्या धारेला नटबोल्टने अशी बसवा की दीड-दोन इंच खाली लोंबेल. पातळ गाळ ती स्वच्छ पुसून नेते आणि वर आलेल्या गट्टूवर पाते अडकत नाही. चेंबरची झाकणं आणि फाटकाचं रूळ आधी हाताने मोकळं करून त्यावर खूण ठेवा. पाण्याचा मारा गट्टूंच्या सांध्यात सरळ धरू नका, आतली चुरी निघून जाते आणि गट्टू हलायला लागतात.

शहरातल्या घरात पुराचा गाळ शिरला आहे. तोही असाच काढायचा का?

पद्धत तीच, काळजी वेगळी. नाग नदी आणि नाल्यांतून आलेला गाळ म्हणजे नुसती माती नसते, त्यात सांडपाणी असतं. लेप्टोस्पायरोसिससारखे आजार पायाच्या जखमेतून शिरतात. गमबूट आणि रबरी हातमोजे घालूनच उतरा, जखम झाली तर धनुर्वाताच्या इंजेक्शनचं डॉक्टरांना विचारा. आवारातली वीज मेन स्विचवरून बंद करा. बोअरवेलच्या मोटारीची वायर गाळाखाली असते आणि पात्याने ती तुटते. ढिगाऱ्यात साप बसलेले असतात, म्हणून आधी लांब काठीने चाचपून मगच हात घाला.

आणि गाळ रस्त्यावर किंवा पावसाळी नालीत ढकलू नका. पुढच्या सरीला तीच नाली तुंबून पाणी तुमच्याच गेटमधून परत आत येईल, शेजाऱ्यांकडे जाईल ते वेगळंच. एका कोपऱ्यात ढीग करा आणि मनपाच्या आपल्या झोन कार्यालयाला उचलायला कळवा. अंबाझरी लेआउटकडच्या लोकांसाठी ते धरमपेठ झोन.

काढलेला गाळ संत्र्याच्या झाडांना घालू का? माती कसदार दिसते.

तलावाचा गाळ उन्हाळ्यात वावरात पसरणं चांगलंच आहे, सरकारची गाळमुक्त धरण-गाळयुक्त शिवार योजना त्यासाठीच आहे. पण पावसाळ्यात वाटेवरचा ओला गाळ झाडाच्या बुडाशी लावणं म्हणजे डिंक्याला आमंत्रण. डिंक्या होतो फायटोफ्थोरा बुरशीमुळे, आणि ती माती-पाण्यातूनच पसरते. खोडाला ओली माती टेकली, कलमाचा डोळा झाकला गेला, की साल कुजून डिंक गळायला लागतो. मग चांगली फळती झाडंसुद्धा वाळतात.

म्हणून गाळ धुऱ्यावर टाका, पूर्ण वाळू द्या आणि बागेत न्यायचाच असेल तर दोन ओळींच्या मधे पसरा, खोडापासून लांब. दुसऱ्याच्या बागेत काम करून आलात तर ट्रॅक्टरची चाकं आणि पाते फाटकाबाहेर धुऊनच आपल्या बागेत शिरा. बुरशी चाकांच्या चिखलातून येते. हे मी प्रत्येकाला सांगतो आणि पुन्हा सांगतो, कारण वाट आज ना उद्या नीट होते, पण झाड गेलं तर नवीन झाड फळावर यायला कित्येक वर्षं जातात. पावसाळ्याच्या आधी आणि नंतर खोडाला बोर्डो पेस्ट लावा: १ किलो मोरचूद, १ किलो चुना, १० लिटर पाणी.

दरवर्षी तोच चिखल. कायमचा उपाय आहे का?

आहे, आणि तो मेमध्ये करायचा असतो. त्याच पात्याने वाटेचा मधला भाग उंच करा आणि दोन्हीकडे ढाळ द्या. १० फूट रुंदीच्या वाटेला मध्यापासून काठापर्यंत अडीच इंचांचा उतार पुरतो. दोन्ही बाजूंना नाली काढा आणि तिचं पाणी कुठेतरी उतरतंय याची खात्री करा. तोंड नसलेली नाली म्हणजे लांबट डबकं. जिथे पाणी वाट ओलांडतं तिथे सिमेंटचा पाइप टाका.

काळ्या मातीवर थेट मुरूम टाकू नका. दोन पावसाळ्यांत तो खाली गडप होतो. आधी वरची मऊ माती काढा, मोठ्या दगडाची सोलिंग करा, वर मुरूम, मग पाणी मारून दबाई. पैसे कमी असतील तर सगळ्या वाटेवर पातळ मुरूम पसरण्यापेक्षा सखल तुकड्यांवर नीट सोलिंग करा. आणि मुरूम कुठूनही उचलू नका. तो गौण खनिजात मोडतो, त्याला तहसीलची परवानगी आणि स्वामित्वधन लागतं. विकत घेताना वाहतुकीचा पास पाहून घ्या.

पांदण सगळ्यांची आहे, पण एकाने धुरा पुढे सरकवून वाट अरुंद केली आहे. मी ट्रॅक्टर लावून मोकळी करू का?

नाही. वाद झाला तर तुमचा ट्रॅक्टरच आधी पोलीस ठाण्यात जाईल. असलेली वहिवाट अडवली असेल तर मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६ च्या कलम ५ खाली तहसीलदारांकडे दावा करता येतो, मात्र अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत. वावराला वाटच नसेल तर महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम १९६६ च्या कलम १४३ खाली बांधावरून रस्ता मागता येतो. नकाशावर पांदण असेल तर शेत-पाणंद रस्त्यांच्या सरकारी योजनेसाठी ग्रामपंचायतीत विषय लावून धरा. आदेश येईपर्यंत निर्विवाद भाग सगळ्यांनी मिळून नीट ठेवा. डिझेल वाटून घेतलं तर कुणालाच जड जात नाही. पात्याच्या कामाला तासाला साधारण दोन-तीन लिटर लागतं.

गारपीट झाली तर गारा पण काढाव्या लागतात का?

वाटेवरच्या नाही, थोड्या वेळात वितळतात. पत्र्यावरून घसरून नालीच्या तोंडाशी साचलेल्या तेवढ्या हटवा, पाणी तुंबत नाही.

काम झाल्यावर ट्रॅक्टरची काय निगा घ्यायची?

त्याच दिवशी धुवा, चिखल वाळण्याआधी. पुढच्या धुरीचे सील, ब्रेकची जागा आणि रेडिएटरची जाळी यांवर जास्त लक्ष द्या, पण रेडिएटरवर पाण्याचा जोराचा मारा नको, पत्र्याच्या बारीक पाकळ्या वाकतात. सगळ्या निपलांना ग्रीस मारा, आतलं पाणी बाहेर येईपर्यंत. गियर ऑइलची डिपस्टिक काढून पाहा. तेल दुधाळ दिसलं तर आत पाणी गेलं आहे, तेल बदलल्याशिवाय ट्रॅक्टर चालवू नका. पात्याच्या धारेला जुनं इंजिन ऑइल पुसा आणि पाते लाकडाच्या ठोकळ्यावर टेकवून ठेवा. हायड्रॉलिकवर उचललेलं अवजार रात्रभर तसंच ठेवायचं नाही, घरात लहान मुलं असतील तर मुळीच नाही.